माणसालाही बेवड लागतो



या पानावर आपण भाताचा करपा, जनावरांची लाळ-खुरकत, विहिरीचे पाणी शुद्ध करणे अशा विषयांवर वाचत आलो आहोत. आजचे दुखणे वेगळे आहे. त्याला औषधाची बाटली नाही आणि फवाराही नाही. ते दुखणे म्हणजे थकवा. दिवसभर राबल्यावर संध्याकाळी अंग जड होते तो थकवा नव्हे. तो चांगला, त्याने झोप लागते. मी म्हणतो तो साचलेला थकवा, जो सकाळी उठल्यावरही खांद्यावर तसाच बसलेला असतो.

विषय घेण्याचे कारण सांगतो. आपल्यापैकी एका घरातील तरुणाच्या उजव्या हाताची दोन बोटे कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. नाव सांगण्याची गरज नाही. हकिकत लिहायला त्याने परवानगी दिली आहे. अपघात झाला त्या दिवशी काही मंडळी हळूच कुजबुजली, "घेतली असणार." त्याने घेतली नव्हती. मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून सगळे विचारून घेतले. थ्री फेज लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून तीन रात्री तो उसाच्या पाण्यावर होता. दिवसा खत ओढणे, गाडी भरणे, त्यात बहिणीच्या सोयरिकीची धावपळ. चौथ्या दिवशी सकाळी सहाला मोटर बंद करून तो घरी आला. आई म्हणाली, "म्हशीला वैरण नाही रे, तेवढी कुट्टी कर आणि मग झोप." त्याला यंत्र सुरू केल्याचे आठवते. पुढचे आठवत नाही.

डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांनी माणसांना जागे ठेवून त्यांच्या हाताची आणि डोळ्यांची एकजूट किती राहते ते तपासले, आणि दुसऱ्या वेळी त्यांनाच दारू पाजून तीच परीक्षा घेतली. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालू लागले. २४ तास जागल्यावर ते प्रमाण ०.१० टक्क्यांवर गेले. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात ०.०३ टक्क्यांहून अधिक दारू सापडली तर गुन्हा होतो. म्हणजे रात्रभर पाण्यावर जागून सकाळी ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर किंवा कुट्टीच्या यंत्रावर बसणारा माणूस, एक थेंबही न पिता, कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट प्यालेला असतो. कुजबुजणाऱ्यांचे म्हणणे खोटे होते, पण तसे पाहिले तर फार लांबचेही नव्हते.

आता आपल्या बैलांकडे पाहू. ट्रॅक्टर आले तरी आपल्या भागात अजून बैलजोड्या आहेत. पुष्कळ गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर ज्या खांद्याने ओझे ओढले त्याला तेल-हळद चोळतात. भर उन्हात औत सोडून बैल झाडाखाली बांधतात, आणि बैल धापा टाकायला लागला की कोणीही शहाणा शेतकरी चाबूक उगारत नाही. हे सगळे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. मग आपल्याच खांद्याच्या बाबतीत आपण असे अडाणी का होतो?

एक कारण असे की आपल्याला रिकाम्या माणसाची लाज वाटते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. 'आराम हराम है' हे पंडित नेहरूंचे घोषवाक्य तर एके काळी सरकारी भिंतींवर रंगवलेले असे. देश उभा करायच्या दिवसांत ते शोभलेही असेल. पण कोणी दारात खुर्ची टाकून बसला की जाणारा-येणारा हटकून विचारतो, "काय, आज काम नाही वाटतं?" आणि बसलेला माणूस ओशाळून उठतो, हातात खुरपे घेतो.

पवित्र शास्त्राची भूमिका याच्या उलट आहे, आणि ती शेतकऱ्याच्या भाषेत आहे हे माझ्या ध्यानात सेमिनरीत असताना आले नव्हते, इथे आल्यावर आले. निर्गम या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सातव्या दिवसाच्या विसाव्याचे कारण देताना आधी बैल आणि गाढव यांचा उल्लेख येतो, नंतर दासीचा मुलगा आणि परका मजूर यांचा. त्या माणसांना काय मिळावे यासाठी जे इब्री क्रियापद आहे त्याचा धातू श्वासाशी जोडलेला आहे. आपल्या मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: दम खाणे. पुढे ३४व्या अध्यायात आणखी एक कठीण अट घातली आहे. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतसुद्धा हा विसावा मोडायचा नाही. म्हणजे ज्याने हे लिहिले त्याला आपली सबब ठाऊक होती. "फादर, सुगी आहे हो," हे वाक्य तीन हजार वर्षांचे जुने असावे.

पण शास्त्र बाजूला ठेवून नुसत्या शरीराचा विचार केला तरी हिशेब तोच येतो. आपले स्नायू जे इंधन जाळतात त्यातला जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो, बाकीच्याची उष्णता होते. ती उष्णता घामाने बाहेर टाकावी लागते, त्यासाठी रक्त कातडीकडे धावते आणि हृदयाला दुप्पट राबावे लागते. मार्च ते मे या महिन्यांत, वर सूर्य आणि आत ही भट्टी असताना, जो तासन्तास न थांबता कुदळ मारतो तो काम जास्त करत नाही, फक्त हृदयाला जास्त दमवतो. पाऊण तास काम आणि सावलीत दहा मिनिटे दम, सोबत पाणी, ही रीत जुन्या गड्यांना माहीत होती. एकदम सगळे काम उरकून मग दिवसभर झोपू, हा विचार तरुण पोरांचा. तो पहिले चार दिवस जमतो.

झोपेचेही तसेच. झोप म्हणजे दिवा मालवणे, असे आपण समजतो. खरे तर रात्री शरीरात दोन पाळ्यांचे काम चालते. पहिल्या काही तासांत गाढ झोप अधिक असते. त्या वेळी वाढीचा अंतःस्राव रक्तात सुटतो आणि दिवसभर झिजलेल्या शरीराची दुरुस्ती होते. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते, आणि दिवसभराचे शिकलेले, पाहिलेले, मनाला लागलेले निवडून जागच्या जागी लावण्याचे काम बरेचसे त्या वेळी होते. जो दहाला झोपून एकला मोटरीवर जातो त्याचे अंग थोडेफार सावरते, पण डोके निवडले जात नाही. असा माणूस दुसऱ्या दिवशी काम करतो, पण मुलांवर खेकसतो, भावाशी बांधावरून भांडतो, आणि सोसायटीच्या कागदावर न वाचता सही करतो. प्रौढ माणसाला रोज निदान सात तासांची झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. रात्री मोडलेली झोप दिवसा पुरती भरून निघत नाही. दिवसाची झोप उथळ आणि तोकडी असते. तरीही ती न घेण्यापेक्षा घेतलेली बरी. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराला आपोआप पेंग येते. त्या वेळी वीस-पंचवीस मिनिटे डोळे मिटले तर पुढची दुपार सुधारते. मात्र तासभर झोपून मधेच उठलात तर डोके जड होते, म्हणून जास्त नको.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक हिशेब मांडला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकट्या २०१६ सालात जगभर ७ लाख ४५ हजार माणसे अशा दीर्घ कामाच्या तासांमुळे या दोन रोगांनी गेली. ५५ तास म्हणजे सहा दिवस रोज नऊ तासांहून थोडे अधिक. हे कचेरीतल्या माणसाला पुष्कळ वाटेल. आपल्याकडे ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याचे ५५ तास गुरुवारीच पुरे होतात.

दारूविषयी एकच गोष्ट सांगतो, प्रवचन देत नाही. "अंग दुखतं म्हणून थोडी घेतो," असे मला नेहमी सांगितले जाते. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे. पण उत्तररात्री तीच दारू झोप मोडते, आणि ज्या पहाटेच्या झोपेने डोके ताळ्यावर यायचे तीच हातची जाते. अंथरुणात मोबाईल पाहत बसण्याने नुकसान कमी, पण जात तीच.

आता बेवडाकडे येतो.

जमिनीला विसावा देण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक म्हणजे पड टाकणे. जमीन नांगरून ठेवायची, काही पेरायचे नाही. दुसरी रीत बेवडाची. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा टाकायचा. जमीन रिकामी राहत नाही, उलट कामच करते, पण ते काम दुसऱ्या तऱ्हेचे असते. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र धरून ठेवतात आणि पुढच्या पिकाला त्याचा उपयोग होतो. जो शेतकरी उसावर ऊस, मग खोडवा, मग निडवा असे घेत राहतो त्याचा उतारा कसा घसरतो हे आपल्याला कोणी सांगायला नको.

माणसाला झोप म्हणजे पड. ती लागतेच. पण नुसत्या पडीने भागत नाही. माणसालाही बेवड लागतो. पोटासाठी जे करावे लागते त्याहून वेगळे, स्वतःच्या आवडीचे, कोणी न सांगितलेले आणि ज्याचा कोणी हिशेब मागणार नाही असे काहीतरी. कोणाला घुमट वाजवणे, कोणाला नदीवर गरी टाकून बसणे, कोणाला आंब्याची कलमे बांधणे. पत्ते मी या यादीत घालत नाही, निदान पैसे लावून खेळतात ते तरी नाहीत. त्यातून उठलेला माणूस बसला त्याहून दमलेला दिसतो.

वाटाण्याचे नाव निघाले म्हणून एका धर्मगुरूची गोष्ट सांगतो. ग्रेगोर मेंडेल १८२२ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. बाप आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठबिगारीने राबे आणि उरलेल्या दिवसांत आपले शेत करी. त्या वेठीतच एकदा झाडाचा ओंडका अंगावर पडून तो जायबंदी झाला. मुलगा हुशार, पण शिकतानाच अतिश्रमाने आजारी पडून महिनोन्‌महिने घरी अंथरुणावर राहिला. धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा दिला, तेव्हा त्याचे शिक्षण पुढे गेले. १८४३ साली तो ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला, १८४७ साली धर्मगुरू झाला, आणि त्याला धर्मग्रामाचे काम दिले गेले. आजारी आणि मरणासन्न माणसांच्या घरी जायचे हे काम त्याला सोसवेना. १८४९च्या आरंभी तो स्वतःच अंथरुणाला खिळला.

इथे त्याच्या वरिष्ठाचे मला कौतुक वाटते. मठाधिपती नाप यांनी त्याला आळशी ठरवले नाही. त्यांनी बिशपांना कळवून मेंडेलला धर्मग्रामातून मोकळे केले आणि शाळेत शिकवायला पाठवले. पुढे शिकवणे हे त्याचे रोजचे काम झाले, आणि मठाच्या आवारातली बाग हा त्याचा बेवड. जागा केवढी? सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांना थोडी कमी. त्यात त्याने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे वाटाणा लावला, चिमटा घेऊन फुलाफुलाचे परागीकरण केले, सुमारे २८ हजार झाडे तपासली, दाणे गोल किती आणि सुरकुतलेले किती ते मोजत बसला. गुण आईबापांकडून पिल्लात कसे उतरतात त्याचे नियम त्याला तिथे सापडले. १८६५ साली त्याने ते भाषणात मांडले, १८६६ साली छापले, आणि १९०० सालापर्यंत जगाने त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. आज आपण दुकानातून संकरित मक्याची पिशवी आणतो, त्या संकराचे शास्त्र ज्या पायावर उभे आहे तो पाया त्या अडीच गुंठ्यांतला आहे.

गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगत नाहीत. १८६८ साली मेंडेल स्वतः मठाधिपती झाला. मान वाढला, कागद वाढले, सभा वाढल्या. १८७४ साली सरकारने मठांवर कर बसवणारा कायदा केला आणि त्याविरुद्ध तो शेवटपर्यंत भांडत राहिला. झाडांवरचे मोठे काम तिथेच संपले. १८७३ साली नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, झाडांकडे आणि मधमाश्यांकडे बघायला वेळच होत नाही, अशी खंत त्याने कळवली होती. १८८४ साली तो वारला. माणूस तोच, बुद्धी तीच, बागही तिथेच होती. फक्त बेवड गेला.

आपण काही मेंडेल होणार नाही, असे तुम्ही म्हणाल. कबूल. पण रिकामपणी नजर उघडते, ही गोष्ट अडीच गुंठ्यांतही खरी आणि अडीच एकरांतही. आपल्यातलेच एक काका रविवारी संध्याकाळी रानात जातात, पण खुरपे, कोयता काही नेत नाहीत. हात मागे बांधून बांधावरून नुसते फिरतात. मी एकदा सोबत गेलो. ते म्हणाले, "फादर, हातात खुरपं असलं की फक्त तण दिसतंय. हात मोकळा असला की रान दिसतंय." त्यांच्या वरच्या वाफ्यातले भात दरवर्षी पिवळे पडे आणि ते दरवर्षी जास्त युरिया टाकत. अशाच एका फेरीत त्यांच्या ध्यानात आले की तिथे वरच्या पाटाचे पाणी पाझरून साचून राहते, मुळे गुदमरतात. त्यांनी एक चर काढला. खताचा खर्च वाचला तो वेगळाच. त्या वाफ्यात बारा वर्षे ते दिवसभर राबत होते आणि हे दिसले नव्हते.

मी स्वतः या बाबतीत शहाणा होतो असे कृपा करून समजू नका. इथे आल्यावर पहिली काही वर्षे मी एकही दिवस स्वतःसाठी ठेवला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. सकाळी मिस्सा, मग शाळा, मग बांधकामाची देखरेख, संध्याकाळी घरोघरी प्रार्थना, रात्री कोणाचे भांडण मिटवणे. लोक म्हणत, "फादर कधी बसत नाहीत." मला ते बक्षीस वाटे. एका पावसाळी रात्री लांबच्या वाडीवरच्या आजारी म्हाताऱ्याला अखेरचे संस्कार देऊन परत येताना चालत्या मोटरसायकलवर माझा डोळा लागला. उजवीकडे झाड होते, डावीकडे रोप लावणीसाठी केलेला चिखल. मी डावीकडे गेलो. त्या चिखलाच्या मालकाने मला ओढून काढले आणि सकाळपर्यंत कोणाला सांगितले नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आमच्यातले एक वृद्ध फादर मला पाहायला आले आणि त्यांनी चांगले खडसावले. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायदेसंहितेत धर्मग्रामाच्या धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत रजा घेण्याची मुभा आहे, ती तुम्ही वाचली होती ना, असे त्यांनी विचारले. वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. प्रभू येशूने शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा होडीत घालून एकांतात विसाव्याला नेले, हे मार्कच्या शुभवर्तमानातले मी दरवर्षी वाचून दाखवत होतो. नंतर लोकांनी पळत जाऊन त्यांना गाठलेच, हेही तिथेच आहे. विसावा मोडतो. मोडणार म्हणून तो आखायचाच नाही, असे प्रभूने केले नाही.

माझ्याकडे एक व्हायोलिन होते. लहानपणी गायनवृंदात शिकलो होतो. सहा वर्षांनी पेटी उघडली तर गजाचे केस किडीने खाल्लेले. गज दुरुस्त करून आणला. आता मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास, मी दार लावून वाजवतो. चांगले वाजत नाही. शेजारचा कुत्रा साक्षीला आहे. पण त्या अर्ध्या तासानंतर ऐकलेले गाऱ्हाणे मला पूर्ण ऐकू येते. आधी माणूस बोलत असताना मी मनात सिमेंटच्या पिशव्या मोजत असे.

आता सगळ्यांत अवघड भाग, आणि पुरुष मंडळींनी तो जरा सावकाश वाचावा. वर जे लिहिले त्यातले बहुतेक आपल्या घरातल्या बायकांना लागूच पडत नाही, कारण त्यांना पडही नाही आणि बेवडही नाही. भारत सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत बायकांची २८९ मिनिटे झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे सुटली, आणि पुरुषांनी आपलीही नऊ मिनिटे सोडवून घेतली! यात भांगलण, लावणी, शेण, धार यांतले काम निराळेच. पुरुष रानातून आला की पारावर बसतो. बाई रानातून आली की चुलीपुढे बसते, आणि आपण म्हणतो, ती पण बसलीच आहे की.

रविवारी तर तिचे काम वाढते. मिस्सेला मुलांना तयार करायचे, परत येऊन मटण, त्यात पाहुणे. मी रविवारच्या विसाव्यावर व्यासपीठावरून बोलत असताना ज्या बायकांचे लक्ष घड्याळाकडे असते त्यांना मी पूर्वी मनातल्या मनात दोष देत असे. आता देत नाही.

मग करायचे काय? मागच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक मावशी उठून म्हणाल्या, "फादर, रविवारी म्हशी दूध द्यायच्या थांबत्यात काय?" सगळे हसले. प्रश्न मात्र बरोबर होता. सरकारी नोकराला रजा असते, म्हशीला नसते. पण याचे उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे, आणि ते म्हणजे पैरा. ज्याच्याकडे एक बैल तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोडी लावतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. लावणीला आपण अजून पैऱ्याने माणसे देतो. मग विसाव्याचा पैरा का नको? तीन शेजाऱ्यांच्या मोटरी एकाच पाटावर असतील तर तिघांनी तिन्ही रात्री जागण्याचे कारण नाही. एक रात्र एकाने तिन्ही रानांचे पाणी पाहावे, दोघांनी झोपावे. जो जागला त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रॅक्टर, कुट्टी आणि फवारणी यांना हात लावायचा नाही, हा करार आधीच ठरवावा. मोबाईलवरून मोटर सुरू करण्याचे स्टार्टर आता मिळतात, ते चांगलेच. मात्र मोटर अचानक सुरू होते, तेव्हा विहिरीत कोणी उतरले नाही याची खात्री आधी करावी आणि दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद ठेवावा. ज्या पोराची बोटे गेली त्याच्या पाटावर आता तीन घरांचा असा पैरा सुरू आहे. पहिल्या महिन्यात पाणी फुटल्यावरून एकदा भांडण झाले, ते मिटले.

धारेचा पैरा त्याच मावशींनी सुरू केला. शेजारच्या वहिनी आणि त्या, दोघींनी रविवारची संध्याकाळ वाटून घेतली. एका रविवारी एकीने दोन्ही घरच्या धारा काढायच्या, पुढच्या रविवारी दुसरीने. मोकळ्या रविवारी मावशी चार वाजता चर्चच्या पायरीवर येऊन वाकळ शिवत बसतात. मी एकदा बोलून गेलो, "मावशी, हे पण कामच की." त्यांनी सुई न थांबवता उत्तर दिले, "हे मला कोणी सांगितलेलं नाही, फादर." माझ्या सगळ्या लेखापेक्षा त्यांना बेवड जास्त कळलेला आहे.

पुढे शेजारच्या वहिनी माहेरी गेल्या आणि पैरा तुटायची वेळ आली. तेव्हा मावशींचे यजमान, ज्यांनी पन्नास वर्षांत सडाला हात लावला नव्हता, चरवी घेऊन गोठ्यात गेले. पहिल्या रविवारी म्हशीने लाथ मारली, चरवी कलंडली. दुसऱ्या रविवारी ती नुसती मान वळवून पाहत राहिली, दूध काही सोडले नाही. मावशींना पायरीवर निरोप गेला. त्या उठल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी म्हैस पान्हावली.